अन्नपरिरक्षण आणि सूक्ष्मजंतूंचे अनुकूलन

अन्न टिकविण्यासाठी योजलेल्या उष्णता, शीतन, शुष्कन (वाळविणे), मीठ, आम्ल, रासायनिक द्रव्ये, प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) इ. उपायांमुळे अन्नातील सूक्ष्मजंतूंवर ताण पडतो. हा ताण पुरेसा तीव्र असेल, तर सूक्ष्मजंतू मरतात. तो त्याहून कमी पडला, तर त्यांच्यात असे बदल घडून येऊ शकतात की, तोच ताण, आणि पुष्कळदा अगदी वेगळ्या प्रकारचा ताणही, त्यांना पुढे अधिक सहन होतो. या बदलांना अनुकूलन म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कोशिकेची (पेशीची) आनुवंशिक घटना बदलत नाही. काही मिनिटांत वा तासांत विशिष्ट प्रथिने तयार होतात, कोशिकापटलाचे घटक बदलतात आणि ताण ओसरला की, हे बदलही ओसरतात. दुसऱ्यात उत्परिवर्तनाने (आनुवंशिक घटकांत एकाएकी होणाऱ्या बदलाने) प्रतिकारक्षम झालेले सूक्ष्मजंतू तेवढे टिकतात व त्यांची संतती तो गुण पुढे चालविते. लोकव्यवहारात दोहोंनाही ‘जंतू सरावले’ असे एकच नाव देतात. अन्नाच्या बाबतीत मात्र पहिला प्रकार नित्याचा असून दुसरा त्या मानाने विरळा आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावर पुष्कळ गैरसमज प्रचलित झाले आहेत.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करण्यास नाशिक जिल्ह्याइतके सोयीचे दुसरे क्षेत्र क्वचितच असेल. घरोघरचे पापड-कुरडयांचे वाळवण व मिठात मुरविलेले लोणचे, शेतावरील कांद्याची चाळ, निर्यातीच्या द्राक्षांची शीतगृहे, मद्यनिर्मितीचे कारखाने आणि लासलगाव येथील गॅमा किरणांचे केंद्र अशा परिरक्षणाच्या अतिप्राचीन व अत्याधुनिक पद्धती येथे एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी चालू आहेत.

कांदा व त्याची साठवण : निफाड तालुक्यातील लासलगाव हे मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील गाव असून तेथील कांद्याच्या बाजारपेठेची गणना आशियातील मोठ्या बाजारपेठांत होते. जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम होतात : खरिपाचा पोळ कांदा, त्यानंतरचा रांगडा आणि मार्च ते मे या काळात काढला जाणारा उन्हाळ कांदा. यांपैकी टिकतो तो मुख्यतः उन्हाळ कांदाच. तो पातीसह शेतातच काही दिवस सुकवितात. नंतर थोडी मान राखून पात कापतात आणि जोडकांदे, डेंगळे व जाड मानेचे कांदे निवडून काढून उरलेला माल चाळीत भरतात. चाळीची जमीन उंचावर व बाजू फटींच्या असतात. तिच्यातून वारा खेळता राहावा, एवढाच या रचनेचा हेतू. आत तापमान फारसे नियंत्रित होत नाही आणि गंमत अशी की, ते होत नाही हेच एका परीने हिताचे ठरते. सुमारे २५° ते ३०° से. तापमानात कांद्याची सुप्तावस्था लांबते; १०° ते २०° से. या दरम्यान त्याला लवकर कोंब येतात. म्हणूनच पावसाळा संपून हवा गार होऊ लागली की, चाळीतील कांद्याला मोड येण्याचा वेग वाढतो आणि नेमका तोच काळ बाजारात भाव चढण्याचा असतो.

चाळीतील कांद्याचे नुकसान तीन वाटांनी होते : पाणी उडून जाऊन घटणारे वजन, कोंब आणि सड. यांपैकी सडीचा संबंध प्रस्तुत विषयाशी थेट येतो. काजळी ही एका बुरशीची (ॲस्परजिलस नायजर) करणी असून ती शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. सूक्ष्मजंतूंमुळे होणारी सड बाहेरून चटकन दिसत नाही. कांदा दाबला की, मानेतून आंबूस वासाचा द्रव येतो आणि आतील एखाददुसरा पापुद्रा चिकट झालेला आढळतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कांद्यावरील या रोगाचे वर्णन डब्ल्यू. एच. बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये केले व रोगकारक सूक्ष्मजंतूला स्यूडोमोनस सेपाशिया असे नाव दिले. कांद्याच्या लॅटिन ‘सेपा’ या नावावरून ते बनविलेले आहे. पुढे १९९२ मध्ये त्याची प्रजाती स्वतंत्र मानण्यात येऊन तिला बर्कहोल्डर यांचेच नाव देण्यात आले.

कांद्यावरील हा सामान्य रोगजंतू पुढे वैद्यकात वेगळ्याच कारणाने गाजला. फुप्फुसांच्या विशिष्ट आनुवंशिक विकाराने ग्रस्त झालेल्या रुग्णांमध्ये तो व त्याच्या जवळच्या जाती घातक संसर्ग करतात, असे आढळून आले. रुग्णालयांतील जंतुनाशक द्रावांच्या बाटल्यांतही तो जिवंत सापडला. त्याचे काही वाण तर पेनिसिलिनाचा उपयोग अन्न म्हणून करू शकतात. अन्नविषबाधा करणाऱ्या सूक्ष्मजंतूंत त्याची गणना होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तथापि मातीत राहणारा, वनस्पतींच्या विषारी रसांना तोंड देऊन जगणारा सूक्ष्मजंतू माणसाने बनविलेल्या विषांनाही सहज तोंड देतो, ही गोष्ट त्याच्या उदाहरणाने चांगली समजते. अनुकूलनाची सामग्री बहुधा सूक्ष्मजंतूजवळ आधीच असते; परिरक्षणाचा उपाय ती फक्त कामाला लावतो.

कांद्याकडे विषबाधेच्या दृष्टीने पाहण्याची रीत पूर्वी नव्हती. कोरड्या सालीचा, स्वतःच्या तिखट गंधकयुक्त द्रव्यांनी सुरक्षित राहणारा पदार्थ म्हणून तो निर्धास्तपणे खाल्ला जाई. १९८३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया (इलिनॉय) येथे एका उपाहारगृहात परतलेला कांदा खाल्ल्याने २८ जणांना बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा झाली. सालीबरोबर आलेली बीजुके (प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणारी, जाड कवचाची सुप्त रूपे) परतताना मेली नाहीत. उलट कांदा स्निग्ध पदार्थाच्या थराखाली कोमट अवस्थेत बराच वेळ राहिल्याने हवेविना वाढणाऱ्या या सूक्ष्मजंतूंना आयतीच सोय झाली. २०२० मध्ये लाल कांद्यामुळे व २०२१ मध्ये पुन्हा कांद्यामुळेच अमेरिकेत साल्मोनेला सूक्ष्मजंतूंच्या साथी उद्‌भवल्या व प्रत्येक वेळी एक हजाराहून अधिक रुग्णांची नोंद झाली. म्हणजे चाळीत कांदा टिकला, एवढ्यावरून तो निर्जंतुक आहे असे ठरत नाही.

लासलगावचे प्रारण केंद्र : अन्नावर आयनीकारक प्रारणाचा प्रयोग करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, पण तिला व्यवहार्य रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी समस्थानिक मुबलक तयार होऊ लागल्यावर. सोव्हिएट रशियाने १९५८ मध्ये बटाट्यांना कोंब येऊ नयेत म्हणून प्रारणाचा वापर करण्यास परवानगी दिली. भारतात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात कांदा, बटाटा, आंबा, मसाले, कोळंबी, बोंबील इत्यादींवर दीर्घ काळ प्रयोग झाले. अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ञ समितीने १९८० मध्ये १० किलोग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेने संस्कारित केलेले अन्न विषारी ठरत नाही, असा निर्वाळा दिला (ग्रे हे प्रारण मात्रेचे एकक असून १ किग्रॅ. पदार्थात १ जूल ऊर्जा शोषली गेल्यास ती मात्रा १ ग्रे होय). त्यानंतर १९९४ मध्ये भारत सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती करून कांदा, बटाटा व मसाले यांच्या प्रारण-संस्कारास मान्यता दिली. मसाल्यांसाठी नवी मुंबईतील वाशी येथे संयंत्र उभे राहिले आणि कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे ‘कृषि उत्पादन संरक्षण केंद्र’ उभारले. आद्याक्षरांवरून ते ‘कृषक’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. २००२–०३ च्या सुमारास ते कार्यान्वित झाले.

कृषकमध्ये कांद्याला जी मात्रा द्यावयाची ती १९९४ च्या नियमांनुसार ०·०३ ते ०·०९ किलोग्रे, म्हणजे ३० ते ९० ग्रे इतकी होती. तिचा परिणाम कांद्याच्या गाभ्यातील अंकुरावर होतो. तेथील कोशिकांचे विभाजन थांबते व कोंब येत नाही. काढणीनंतर सुप्तावस्था संपण्यापूर्वीच संस्कार व्हावा लागतो. अंकुर आत वाढू लागल्यावर त्याचा उपयोग कमी होतो. या मात्रेचा सूक्ष्मजंतूंवर मात्र म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. साल्मोनेलांची संख्या एक-दशांश करण्यास सुमारे ०·५ किलोग्रे मात्रा लागते आणि बॉट्युलिझमच्या बीजुकांसाठी तोच आकडा २ ते ३·५ किलोग्रे आहे. ‘किरण दिलेला कांदा’ म्हणजे ‘जंतुविरहित कांदा’ ही समजूत त्यामुळे सर्वस्वी चुकीची आहे. आंबट सडीचा सूक्ष्मजंतू मानेतून आत शिरलेला असेल, तर किरणांनंतरही तो आपले काम चालूच ठेवतो. कोंब थांबले तरी सड व वजनातील घट यांना आवरण्यास चाळीतील वाऱ्याला किंवा शीतगृहाला पर्याय नाही. कांदा आणणे, संस्कार करणे व परत साठविणे यांचा खर्चही आहेच. शेतकऱ्यांनी कांद्यासाठी या केंद्राचा अपेक्षेइतका लाभ घेतला नाही, याचे एक मोठे कारण येथे सापडते. त्यात शेतकऱ्यांचे अज्ञान शोधण्याचे प्रयोजन नाही.

केंद्राला नाव मिळाले ते आंब्यामुळे. अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळून २००७ च्या एप्रिलमध्ये कृषकमध्ये संस्कारित झालेला भारतीय आंबा त्या देशाच्या बाजारात दाखल झाला. त्यासाठी किमान मात्रा ४०० ग्रे ठरलेली असून तिचा रोख कोयीतील भुंगा, फळमाशी यांसारख्या कीटकांवर आहे. म्हणजे येथेही लक्ष्य सूक्ष्मजंतू नव्हते. सूक्ष्मजंतू मारण्यासाठी मात्रा दिली जाते ती वाशीच्या मसाल्यांना : ६ ते १४ किलोग्रे. कांद्याच्या मात्रेच्या ती शेकडो पट भरते. एकाच कोबाल्टच्या किरणांनी कोंब, कीटक व सूक्ष्मजंतू अशी तीन वेगवेगळी कामे साधतात. कोणत्या मात्रेने कोणते काम अभिप्रेत आहे, हे वेष्टनावरील हिरव्या चिन्हावरून ग्राहकाला कळत नाही, हा या पद्धतीच्या प्रचारातील एक उणेपणाच म्हटला पाहिजे.

प्रारणाला न जुमानणारा सूक्ष्मजंतू : मोठ्या मात्रेनेही सर्व सूक्ष्मजंतू मरत नाहीत, हे उघड झाले ते अन्नपरिरक्षणाच्याच एका प्रयोगातून. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कॉर्व्हॅलिस येथे १९५६ मध्ये ए. डब्ल्यू. अँडरसन व त्यांचे सहकारी डबाबंद मांसावर गॅमा किरणांचा प्रयोग करीत होते. सर्व ज्ञात सूक्ष्मजंतू मरावेत एवढी मात्रा देऊनही एक डबा खराब झाला व त्यातून तांबूस रंगाचा एक गोलाकार सूक्ष्मजंतू मिळाला. त्याला मायक्रोकॉकस रेडिओड्यूरन्स (प्रारणात तगणारा) असे नाव मिळाले. १९८१ पासून त्याची प्रजाती डायनोकॉकस म्हणून ओळखली जाते. माणसाला ५ ग्रे एवढी मात्रा सर्वांगावर एकदम बसली, तर ती बहुधा प्राणघातक ठरते. हा सूक्ष्मजंतू ५,००० ग्रे मात्रेनंतरही जवळजवळ निर्धोक राहतो. त्या मात्रेने त्याच्या डीएनएचे (आनुवंशिक माहिती साठविणाऱ्या रेणूचे) शेकडो तुकडे होतात. ते तो काही तासांत पुन्हा अचूक जोडतो. त्याच्या कोशिकेत आनुवंशिक द्रव्याच्या अनेक प्रती असतात, शिवाय मँगॅनिजाच्या साहाय्याने दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांचे रक्षण होते, हे पुढील संशोधनातून कळले. तुर्भे येथेही या सूक्ष्मजंतूवर विस्तृत संशोधन झाले आहे.

पृथ्वीवर एवढे तीव्र प्रारण नैसर्गिक रीत्या कोठेच नसताना ही शक्ती त्याच्या अंगी आली कशी, हे कोडे चाळीस वर्षे होते. १९९६ मध्ये व्ही. मॅटिमोर व जे. आर. बॅटिस्टा यांनी दाखविले की, प्रारण सहन करण्याची शक्ती गमावलेले या सूक्ष्मजंतूचे उत्परिवर्तित वाण सुकविल्यावरही मरतात. कोशिका कोरडी पडली की, डीएनए तुटतो. तो जोडण्याची जी यंत्रणा सुकेपणासाठी विकसित झाली, तीच प्रारणात उपयोगी पडते. वाळवण हा मानवाचा बहुधा सर्वांत जुना परिरक्षणोपाय आणि गॅमा किरण हा सर्वांत नव्यांपैकी एक. पहिल्याला तोंड देण्यासाठी निसर्गात जमलेली तयारी दुसऱ्याच्याही आड येते. एका ताणाने मिळालेली क्षमता दुसऱ्या ताणात उपयोगी पडण्याच्या या प्रकाराला संकर-संरक्षण म्हणता येईल. सूक्ष्मजंतूंच्या अनुकूलनाच्या साऱ्या इतिहासात याहून महत्त्वाची कल्पना नाही. डायनोकॉकस स्वतः निरुपद्रवी आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

रोगकारक सूक्ष्मजंतू प्रारणाला सरावतील काय, ही शंका स्वाभाविक आहे. एव्हलिन विट्‌किन यांनी १९४६ मध्ये एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूचा प्रारणास प्रतिकार करणारा वाण प्रसिद्ध केला. साल्मोनेलांना पुनःपुन्हा किरण देऊन व दर वेळी वाचलेल्यांची वाढ करून १९७३ मध्ये प्रतिकारक्षम वाण प्रयोगशाळेत मिळविण्यात आले. प्रत्यक्ष व्यवहारात अन्नावर एकदाच संस्कार होतो व वाचलेल्या सूक्ष्मजंतूंना पुन्हा पुन्हा त्याच चक्रातून जाण्याची संधी मिळत नाही. त्यामुळे आनुवंशिक प्रतिकार वाढण्याची भीती सध्या तरी फारशी नाही. ही भिस्त एकदाच पण पुरेशी मात्रा देण्यावर आहे, हे मात्र विसरून चालणार नाही.

उष्णता : सूक्ष्मजंतूंच्या चिवटपणाचा पहिला अनुभव शास्त्रज्ञांना उष्णतेच्या संदर्भात आला. निकोला आपेर या फ्रेंच आचाऱ्याने बंद बाटल्यांत अन्न उकळून टिकविण्याची रीत शोधून काढली व १८१० मध्ये १२,००० फ्रँकचे सरकारी पारितोषिक मिळविले. ती रीत यशस्वी का होते, हे त्यालाच काय, कोणालाच ठाऊक नव्हते. लूई पाश्चर यांच्या संशोधनाने त्याचा उलगडा झाला. पण उकळूनही काही काढे नासतात, याचे कारण उरले. फेर्डिनांट कोन यांनी १८७६ मध्ये गवतावरील सूक्ष्मजंतूच्या बीजुकांचे वर्णन केले. जॉन टिंडल यांचा त्याच सुमाराचा अनुभव उद्‌बोधक आहे. लंडनमधील त्यांच्या प्रयोगशाळेत जे काढे पूर्वी पाच मिनिटे उकळून निर्जंतुक होत, ते एकदा जुने वाळलेले गवत तेथे आणल्यावर कितीही उकळले तरी नासू लागले. सारी खोलीच बीजुकांनी दूषित झाली होती. यावर त्यांनी काढले ते खंडित उष्णनाचे तंत्र : एकदा तापवून बीजुके रुजू द्यावयाची व रुजलेली कोवळी अवस्था पुन्हा तापवून मारावयाची. शत्रूच्या कवचावर घाव घालण्याऐवजी त्याने ते उतरविण्याची वाट पाहावी, असा हा डाव होता.

बेल्जियममधील एलेझेल येथे १८९५ च्या डिसेंबरात अंत्ययात्रेसाठी आलेल्या वादकांना खारविलेल्या मांसातून विषबाधा झाली व तिघे दगावले. एमील व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून बॉट्युलिझमचा सूक्ष्मजंतू वेगळा केला. खाऱ्या पाण्याच्या तळाशी, हवेपासून दूर राहिलेले मांसच विषारी झाले होते. मीठ होते, पण पुरेसे नव्हते. या बीजुकांच्या उष्णतारोधाचे मोजमाप जे. आर. एस्टी व के. एफ. मायर यांनी १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात केले आणि १२१° से. तापमानास सुमारे अडीच मिनिटे हा डबाबंद अन्नाच्या धंद्याचा किमान निकष त्यातून निघाला. आज कोणत्याही कारखान्यातील कमी आम्लाचा डबाबंद पदार्थ याच हिशेबाने तयार होतो.

बीजुके न करणारे सूक्ष्मजंतूही उष्णतेला सरावतात, हे बरेच नंतर कळले. फेरूच्चो रितोस्सा यांना १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने उठणारे फुगवटे दिसले व त्यातून उष्णताघात प्रथिनांचा शोध लागला. ही प्रथिने इतर प्रथिनांची बिघडू पाहणारी घडी सावरतात व ती सूक्ष्मजंतूंपासून मनुष्यापर्यंत सर्वांत आहेत. साल्मोनेला ४८° से. सारख्या अप्राणघातक तापमानात अर्धा तास राहिले की, नंतरच्या तीव्र उष्णतेत अधिक काळ तग धरतात, असे १९८० नंतरच्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. मोठ्या पातेल्यातील अन्न मंद आचेवर हळूहळू तापविणे हे त्यामुळे धोक्याचे. भरभर तापविलेले बरे. आपल्याकडील शिळ्या भाताची गोष्टही याच वर्गातली आहे. बॅसिलस सीरियसची बीजुके भात शिजताना मरत नाहीत; रात्रभर कोमट राहिलेल्या भातात ती रुजतात व त्यांनी केलेले एक विष सकाळी भाताला फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. १९७१ मध्ये लंडनमध्ये परतलेल्या भाताने झालेल्या विषबाधांनी या प्रकाराकडे लक्ष वेधले. भात उरला तर तो पसरून लवकर गार करणे व थंडीत ठेवणे हा त्यावरील साधा उपाय होय.

आम्ल, शीतन व शुष्कन : जे. डब्ल्यू. फॉस्टर व एच. के. हॉल यांनी १९९० मध्ये दाखविले की, साल्मोनेलांना आधी सौम्य आम्लात (पीएच मूल्य ५·८) ठेवले, तर एरवी त्यांना मारणाऱ्या ३·३ पीएच मूल्याच्या आम्लातही ते टिकतात. असे आम्लाला सरावलेले साल्मोनेला उष्णता व मीठ यांनाही अधिक सहन करतात, असे १९९३ मध्ये आढळले. त्याआधीच, १९९१ च्या शरद ऋतूत, मॅसॅचूसेट्समध्ये सफरचंदाच्या ताज्या रसातून एश्चेरिकिया कोलायच्या एका घातक वाणाची बाधा झाली होती. आंबट रसात रोगजंतू जगत नाहीत, हा समज तेव्हा मोडला. उपासमार, आम्ल, मीठ असे भिन्न ताण एकाच वेळी अनेक जीने (आनुवंशिकतेची एकके) चालू करणाऱ्या एका सामाईक प्रथिनाला जागे करतात. संकर-संरक्षणाचे मूळ यात आहे. घरच्या लोणच्यात मिठाचे प्रमाण मोठे, आम्ल भरपूर, वर तेलाचा थर आणि मोहरी-हळदीची जोड असते. आरोग्याच्या नावाखाली यांतील मीठ व आम्ल कमी करून तेच लोणचे महिनोन्‌महिने बाहेर ठेवणे मात्र सुज्ञपणाचे नव्हे.

शीतनाने बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते. अपवाद लिस्टेरियाचा. शीतकपाटाच्या तापमानातही तो सावकाश वाढतो. कोशिकापटल थंडीत ताठरू नये म्हणून तो त्यातील वसाम्ले बदलतो व बीटेन, कार्निटीन यांसारखी द्रव्ये अन्नातून शोषून साठवितो. हीच द्रव्ये त्याला मिठातही सांभाळतात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याच्या प्रांतांत १९८१ मध्ये उद्‌भवलेल्या साथीचा माग कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत लागला. मेंढ्यांच्या लेंडीखतावर वाढविलेला तो कोबी हिवाळाभर थंड कोठारात साठविलेला होता. थंडीने कोबी ताजा राहिला व लिस्टेरियालाही सवड मिळाली.

शुष्कनाची तऱ्हा आणखी वेगळी. वाळलेल्या पदार्थात सूक्ष्मजंतू वाढत नाहीत, पण साल्मोनेला महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि सुक्या अवस्थेत त्यांना उष्णतेने मारणे ओल्यापेक्षा पुष्कळ कठीण जाते. मिरी, मिरचीपूड, वाळविलेल्या कांद्याची भुकटी हे पदार्थ नंतर तापविण्याऐवजी प्रारणाने वा वाफेने निर्जंतुक करण्याची प्रथा यामुळेच पडली. उन्हाळ्यातील वाळवण झाकून, धूळ व पाखरे यांपासून जपून वाळविण्याची घरगुती शिस्त याच कारणाने रास्त ठरते. ऊन पाणी काढून घेते, पण आधी पडलेली घाण शुद्ध करीत नाही.

द्राक्षे व मद्य : नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षपेटीत गंधक डाय-ऑक्साइड वायू सोडणारा कागद ठेवतात. तो मुख्यतः करड्या बुरशीविरुद्ध असतो. जिल्ह्यातील मद्य कारखान्यांतही हाच वायू अनिष्ट सूक्ष्मजंतूंना आवरतो. मद्याचे किण्व (यीस्ट) सूक्ष्मजंतू नव्हे, कवकवर्गीय आहे. तरी त्याचा उल्लेख येथे अवश्य आहे. युरोपात शतकानुशतके गंधकाच्या धुरात वाढलेल्या किण्वांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन गंधकयुक्त विष बाहेर फेकणारे जीन अधिक कार्यक्षम झालेले आढळते. परिरक्षकाने आनुवंशिक बदलाची निवड केल्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

अडथळ्यांचे तंत्र : जर्मन शास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेल्या विचारानुसार एकच तीव्र उपाय करण्याऐवजी मीठ, आम्ल, थंडी, कोरडेपणा असे अनेक सौम्य उपाय एकत्र योजावेत. प्रत्येक अडथळा ओलांडताना सूक्ष्मजंतूची ऊर्जा खर्च होते व शेवटी तो थकून मरतो. लोणचे हे याचे पुरातन उदाहरण आहे. या तंत्रात एक मेख आहे. अडथळे एकामागून एक व सावकाश आले, तर पहिला दुसऱ्याची पूर्वतयारी करून देतो; एकदम आले, तर सूक्ष्मजंतूला तयारीस वेळ मिळत नाही. म्हणून घटकांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. तपासणीतही अडचण आहे. ताणाखालील काही सूक्ष्मजंतू जिवंत असूनही नेहमीच्या पोषकद्रव्यावर वाढत नाहीत, हे रीटा कोलवेल व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. नमुन्यात काही उगवले नाही, यावरून त्यात काही नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही.

कांद्याच्या बाबतीत हे तंत्र पूर्णपणे वापरण्याचे प्रयत्न अजून चालू आहेत. २०२३ मध्ये केंद्र शासनाने राखीव साठ्यातील काही कांद्यावर प्रारण-संस्कार करून पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. प्रारणाने कोंब थांबत असल्यामुळे असा कांदा चाळीतल्यापेक्षा थंड जागी ठेवता येतो व त्याचे वजन कमी घटते. शीतगृहातून काढलेल्या कांद्यावर मात्र बाहेरच्या दमट हवेतील पाणी साचते; शेतकरी म्हणतात त्याप्रमाणे कांद्याला घाम सुटतो. ओल्या सालीवर व मानेवर सडीचे सूक्ष्मजंतू पुन्हा जोर धरतात. त्यामुळे असा कांदा बाजारात नेण्यापूर्वी सावलीत, वाऱ्यावर पसरून पुरता कोरडा करावा लागतो.